जुनं पाकीट, जुन्या नोटा: घरात सापडल्या तर काय करायचं

आमच्या नौपाड्यात आणि शेजारच्या चरईत दर काही महिन्यांनी एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला जाते. घरं रिकामी होतात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली उतरतात आणि पितळी डबे, लग्नपत्रिका, किल्ल्यांचे जुडगे यांच्याबरोबर हमखास एखादं चामड्याचं पाकीट निघतं. ते वापरणारा माणूस जाऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली असतात. आत दोन-चार नोटा असतात, घडीवर घडी घातलेल्या. त्यानंतरच्या पहिल्या तासात घरचे लोक प्रेमापोटी जे करतात, त्याने जेवढं नुकसान होतं तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत झालेलं नसतं. कुणी पाकिटाला तेल चोळतं, कुणी नोटांवरून इस्त्री फिरवतं, कुणी नोटा ठेवून पाकीट सरळ कचऱ्यात टाकतं.

मी अठरा वर्षं नोटा जमवते आहे. ठाण्यातून, कळव्यातून, वाशी-नेरुळहून लोक अशी पाकिटं घेऊन येतात तेव्हा सगळ्यांना सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे. पाकीट आणि त्यातल्या नोटा एकमेकांच्या साक्षीदार असतात. त्यांना वेगवेगळं ठेवावं लागतं, कारण चामडं कागदाला खातं. पण कुठलं पाकीट, कुठली नोट, कुठल्या कप्प्यात होती ही नोंद तुटली तर ती पुन्हा जोडता येत नाही.

पहिला तास: फक्त बघा आणि लिहा

जेवणाचं टेबल कोरडं पुसा, वर स्वच्छ पांढरा कागद अंथरा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका. सुती हातमोजे घालायची गरज नाही. त्यांनी बोटांची जाण जाते आणि नोटेची फाटकी कड धाग्यात अडकते. बाहेर पाऊस कोसळत असेल तर हे काम चार दिवस पुढे ढकला. दमट हवेत कागद मऊ पडतो आणि घडीवर चटकन फाटतो.

पाकीट बंद असताना मागून-पुढून फोटो काढा. मग उघडा, आणि प्रत्येक कप्प्याचा फोटो आतलं काहीही न हलवता काढा. फोटोत एक पट्टी ठेवा, माप कळतं. एका वहीत तारीख घालून लिहा: कुणाचं पाकीट, कुठे सापडलं, कुठल्या कप्प्यात काय होतं. लोकलचा पास, एसटीचं तिकीट, रेशनच्या दुकानाची पावती, देवाचा छोटा फोटो, हे सगळं लिहा. फेकू तर काहीच नका. नोटेवर ती खर्चात कधी होती हे छापलेलं नसतं, पासावर मात्र तारीख असते.

जुन्या पाकिटात चोरकप्पा असतो हे नव्या पिढीला माहीत नसतं. नोटांच्या मोठ्या कप्प्यात बोट घालून अस्तराची वरची कड चाचपा. शिवण नसलेली जागा लागली की तोच चोरकप्पा. माझ्या आजोबांच्या पाकिटात तो डाव्या बाजूला होता आणि त्यात शिडाच्या जहाजाची एक दहाची नोट होती, १९६७ च्या आधीची, मोठ्या आकाराची, रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांच्या सहीची. तिच्या पाठीशी एक आपट्याचं पान होतं. दोन्ही बाजू मिटून पुस्तकासारखं झालेलं, तपकिरी, स्पर्श केला तर चुरा होईल असं. नोटेवर त्या पानाची तपकिरी सावली उतरली होती, अगदी शिरांसकट.

नोटा बाहेर काढणं

नोट चामड्याला चिकटलेली नसेल तर दोन बोटांनी खालून आधार देऊन सरकवा. चिकटली असेल तर ओढू नका. पाणी, वाफ, हेअर ड्रायर यातलं काहीही वापरू नका. ते काम कागद-संवर्धन शिकलेल्या माणसाचं आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, अशा कामाचे प्रशिक्षित लोक तिथे आहेत. नोट खरंच मोलाची वाटत असेल तर घरगुती उपाय करण्याऐवजी त्या दिशेने चौकशी करा.

सुटी झालेली नोट घडीच्या दिशेनेच हळूहळू उलगडा. घडी उलटी मोडू नका. दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून वर एखादं जाड पुस्तक आठवडाभर राहू द्या. तेवढंच. इस्त्री फिरवली की कागदाची नैसर्गिक उभारी जाते, उठावाच्या छपाईचा स्पर्श दबतो, आणि जाणकाराच्या नजरेला ते लगेच कळतं. फाटलेल्या नोटेला सेलोटेप लावणं तर सगळ्यात वाईट. काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग निघत नाही.

आपल्याकडच्या नोटांवर हळदी-कुंकवाचे डाग फार. लक्ष्मीपूजनाच्या ताटात वर्षानुवर्षं त्याच नोटा ठेवलेल्या असतात. ते डाग धुवायला जाऊ नका, कुंकू पाण्याने पसरतं. डाग राहू द्या आणि वहीत लिहा की ही नोट पूजेतली.

पाकीट वाचायला शिका

आधी ते चामड्याचंच आहे का ते बघा. कापलेली कड भिंगाखाली धरा. चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, एकमेकांत गुंतलेले. रेक्झिनच्या कडेला खाली विणलेलं कापड आणि वर सारखा थर दिसतो. चामड्यावरची छिद्रं सारख्या अंतरावर नसतात, रेक्झिनवरचा नक्षीदार पोत पुन्हा पुन्हा तोच येतो. काडी पेटवून बघायची पद्धत काही जण सांगतात, ती साफ विसरा.

वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं चामडं वापरून वापरून गडद आणि मऊ होत जातं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावण्याची परंपरा आपल्या कोल्हापूरकडे जुनी आहे. क्रोमने कमावलेल्या चामड्याची कड बहुधा निळसर-करडी असते आणि रंग तितकासा बदलत नाही. शिवण पाहा. हातशिवणीत टाके किंचित तिरके आणि थोडेफार असमान असतात. यंत्राच्या शिवणीत ते एका रेषेत येतात.

आता वय. यासाठी मी एक सोपी युक्ती वापरते. आजची जांभळी शंभरची नोट उभ्या बाजूने ६६ मिलिमीटर आहे. १९९६ च्या महात्मा गांधी मालिकेतली शंभरची ७३ मिलिमीटर होती. रिझर्व्ह बँकेने काटकसरीसाठी १९६७ मध्ये नोटांचे आकार कमी केले, त्याआधीच्या नोटा आणखी मोठ्या होत्या. म्हणून आजची शंभरची नोट पाकिटाच्या मोठ्या कप्प्यात आडवी ठेवा. वर बरीच जागा उरत असेल तर ते पाकीट मोठ्या नोटांसाठी शिवलं असण्याची शक्यता बरीच. आत कार्डांसाठी एकाखाली एक खण असतील तर पाकीट बहुधा १९८० नंतरचं, कारण क्रेडिट कार्ड आपल्याकडे आलंच त्या सुमारास. याउलट नाण्यांचा झाकणाचा कप्पा मोठा असेल, त्यात एखादा आणा किंवा १९५७ नंतरचा नवा पैसा अडकला असेल, तर काळ मागे जातो. एकाच खुणेवर विसंबू नका, दोन-तीन खुणा जुळल्या तरच लिहा.

पाकिटाला हात लावल्यावर बोटांना लालसर भुकटी लागली तर ते चामडं आतून कुजतंय. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे आम्ल तयार होतं आणि तंतू मोडत जातात. हे उलटवता येत नाही, फक्त थांबवता येतं. त्यावर तेल किंवा पॉलिश चोळलं तर ते पाकीट गेलंच म्हणा.

हे मी स्वतः करून बसले आहे. सुरुवातीच्या वर्षात एका नातेवाइकांकडून मिळालेलं सुंदर तिघडी पाकीट होतं. वरून कोरडं दिसलं म्हणून मी खोबरेल तेल चोळलं. चार दिवस ते झळाळलं. जुलैच्या अखेरीस त्यावर पांढरी बुरशी आली, ऑगस्टमध्ये तेल अस्तरातून झिरपून आत ठेवलेल्या दोनच्या नोटेच्या कडेला उतरलं. नोटेचा तो भाग आजही उजेडात धरला की पारदर्शक दिसतो. त्या दिवसापासून माझ्याकडे कुठल्याही पाकिटाला मऊ, कोरड्या ब्रशखेरीज काही लागत नाही.

आणि एक गोष्ट ठामपणे. पाकीट सापाच्या, अजगराच्या किंवा मगरीच्या कातडीचं असेल तर त्याची खरेदी-विक्री करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, "आजोबांच्या काळातलं आहे" एवढं कारण पुरत नाही.

नोट वाचायला शिका

या छंदातलं खरं सुख इथे आहे, म्हणून सावकाश घ्या.

पहिला प्रश्न: नोट कुणी काढली? एक रुपयाची नोट भारत सरकारची असते. तिच्यावर "धारकाला अदा करण्याचं वचन" नसतं आणि सही अर्थ खात्याच्या सचिवाची असते. दोन रुपयांपासून पुढच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या, त्यांवर वचन असतं आणि गव्हर्नरची सही असते. मनमोहन सिंग यांची सही दोन्हीकडे सापडते: आधी सचिव म्हणून एकच्या नोटेवर, नंतर गव्हर्नर म्हणून मोठ्या नोटांवर. पाकिटात या दोन नोटा निघाल्या की नवख्या माणसाला विषयाची गोडी लागते, हे मी कितीदा पाहिलं आहे.

दुसरा प्रश्न: काळ कुठला? पाठीवर छपाईचं वर्ष २००५ पासून येऊ लागलं. त्याआधीच्या रिझर्व्ह बँकेच्या नोटेचा काळ सहीवरून काढायचा. त्यासाठी गव्हर्नरांची यादी आणि त्यांच्या कारकिर्दीची वर्षं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. क्रमांकाच्या मागे फिकट रंगात एक इंग्रजी अक्षर असतं, आमच्यात त्याला इनसेट म्हणतात. सही तीच, चित्र तेच, पण इनसेट वेगळं असेल तर संग्राहकाच्या दृष्टीने ती वेगळी नोट. इनसेट नसलेलीही वेगळी. नवखे लोक इथेच चुकतात. दोन नोटा "सारख्याच" समजून एक देऊन टाकतात.

काही टप्पे पाठ असलेले बरे. एक रुपयाची पहिली नोट ३० नोव्हेंबर १९१७ ला आली. पहिल्या महायुद्धात चांदी मिळेना, म्हणून चांदीच्या रुपयाच्या जागी पाचव्या जॉर्जचं नाणं छापलेला कागद आला. पुढे दोन रुपये आठ आण्यांची, म्हणजे अडीच रुपयांचीही नोट निघाली. तेव्हा या नोटा इंग्लंडमध्ये छापून बोटीने यायच्या. लंडनहून मुंबईकडे निघालेली 'शिराला' ही बोट जर्मन पाणबुडीने २ जुलै १९१८ ला बुडवली तेव्हा तिच्यावर भारतासाठी छापलेल्या नोटांचे गठ्ठे होते आणि त्यातल्या काही किनाऱ्याला लागल्या. आपल्या नाशिकला नोटांचा छापखाना सुरू झाला १९२८ मध्ये, आणि १९३२ पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा तिथेच छापल्या जाऊ लागल्या. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, पण तिची पहिली नोट जानेवारी १९३८ ची, सहाव्या जॉर्जच्या चित्राची पाच रुपयांची. पहिले गव्हर्नर ऑसबर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. ती सुरू होते दुसरे गव्हर्नर जेम्स टेलर यांच्यापासून. राजाच्या जागी अशोकस्तंभ आला १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर.

सामान्य मराठी घरातल्या पाकिटात मात्र बहुतेक वेळा याच्या नंतरचं सापडतं: हरणांची पाचची, शिडाच्या जहाजाची दहाची, वाघाची दोनची, ट्रॅक्टरची पाचची, मोरांची दहाची, कोणार्कच्या चाकाची वीसची. एकच्या नोटेच्या पाठीवर 'सागर सम्राट' हा तेल काढणारा फलाट दिसला तर मुलांना सांगा, तो आपल्याच समुद्रातला, मुंबई हायचा. पन्नासच्या नोटेवरच्या संसद भवनावर झेंडा आहे का ते बघा. सुरुवातीच्या नोटांवर झेंडा नाही, आणि जमवणारे त्या शोधतात. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या नोटा आल्या, बसलेले गांधीजी आणि मागे सेवाग्रामची कुटी. आहेराच्या पाकिटात घालायला म्हणून आजीने कपाटात राखून ठेवलेल्या एकच्या कोऱ्या करकरीत नोटांची गड्डीही विसरू नका. वापरलेल्या पाकिटातल्या नोटांपेक्षा त्या पुष्कळदा चांगल्या अवस्थेत असतात.

कोकणातल्या किंवा मुंब्रा-भिवंडीच्या एखाद्या घरात दहाची किंवा शंभरची नोट नेहमीपेक्षा निराळ्या रंगाची निघाली तर तिला विशेष जपा. १९५९ मध्ये आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या, क्रमांकाआधी इंग्रजी 'झेड' असलेल्या नोटा काढल्या होत्या, आणि हज यात्रेकरूंसाठी 'हज' असं छापलेल्या, 'एचए' अक्षरांच्या नोटा. या दोन्ही घरोघरी नसतात, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही होतात. जाणकाराला दाखवल्याशिवाय कुणालाही देऊ नका.

दर्जा ठरवणं

एकाच नोटेचे दोन भाव असतात ते दर्जामुळे. न वापरलेली, एकही घडी नसलेली नोट म्हणजे यूएनसी (अनसर्क्युलेटेड). हलकी एखादी घडी असेल तर त्याखाली, मग एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), व्हीएफ (व्हेरी फाइन) असं उतरत जातं. ग्रेडिंग कंपन्या ७० पैकी गुण देतात आणि नोट सीलबंद करतात. तुमच्या आजोबांच्या पाकिटातली नोट बहुतेक व्हीएफच्या आसपास किंवा खाली असणार, त्यात वाईट काही नाही. ती चलनात फिरलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मोबाइलचा टॉर्च नोटेच्या पातळीत, आडवा धरा. लपलेल्या घड्या सावलीसारख्या उठून दिसतात. मग नोट उजेडावर धरा. वॉटरमार्क दिसतो आणि टाचणीची भोकंही. पूर्वी बँका गड्ड्या स्टेपल करत. रिझर्व्ह बँकेने ते थांबवायला सांगितलं २००१ मध्ये. म्हणून त्याआधीच्या कोऱ्या नोटेलाही डावीकडे दोन भोकं असणं नेहमीचंच. उलट १९५० च्या दशकातली नोट एकाही भोकाविना समोर आली तर भोकं बुजवलेली नाहीत ना, ते भिंगातून पाहा. खऱ्या नोटेचा कागद अतिनील दिव्याखाली चमकत नाही. धुतलेली किंवा डागडुजी केलेली नोट ठिकठिकाणी निळसर चमकते. असा छोटा दिवा स्वस्तात मिळतो, एक घेऊन ठेवा.

शेवटचं, चारही कडा. एखाद्या विक्रेत्याने फाटकी कड कात्रीने सरळ केलेली असू शकते. त्याच प्रकारच्या दुसऱ्या नोटेवर ठेवून पाहिलं की मिलिमीटरचा फरक कळतो.

ठाण्याच्या हवेत जपणं

खाडी एका बाजूला, चार महिने पाऊस. आपल्याकडे चोराआधी बुरशीची काळजी करायची. नोटा पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटांत ठेवा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे मऊ, उग्र वासाचे प्लॅस्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात. त्यातून काही वर्षांत चिकट द्रव सुटतो आणि नोटेवर उतरतो. नाकाने ओळखता येतं: नव्या प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथसारखा वास आला की तो अल्बम परत ठेवा. लॅमिनेशन तर कधीच नाही.

चामड्याच्या पाकिटाचं उलट आहे. त्याला प्लॅस्टिकमध्ये कोंडायचं नाही. कांजी नसलेल्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, आत आम्लरहित पातळ कागदाचा बोळा भरा म्हणजे घडीवर भेग पडणार नाही, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या घाला, पण चामड्याला टेकू देऊ नका. रंग बदलणारं जेल घेतलं तर ते कधी बदलायचं ते समजतं. डांबराच्या गोळ्या नकोत. कपाट बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पावसाचा मारा येणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं नको. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. बुरशीचा ठिपका दिसला तर ती वस्तू ताबडतोब वेगळी करा, तोंडाला मास्क बांधा, गॅलरीत सावलीत वाऱ्यावर सुकवा आणि मऊ ब्रशने झटका. उन्हात नाही, ऊन चामडं कडक करतं आणि नोटेचा रंग उडवतं. कसर नोटांचे कोपरे कुरतडते, तेव्हा जुन्या रद्दीजवळ अल्बम ठेवू नका.

पाकिटाच्या खोक्यावर आणि नोटांच्या पाकिटांवर एकच क्रमांक टाका. माझ्याकडे आजोबांचं पाकीट १, त्यातली दहाची १-अ, पान १-आ. नोटेवर मात्र पेन्सिलीनेही काही लिहू नका.

घेणं आणि विकणं

"७८६ च्या नोटेला लाखो", "ट्रॅक्टरच्या पाचला पाच लाख" हे निरोप तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आले असतील. समोरचा आधी नोंदणी शुल्क, कमिशन किंवा कर मागतो आणि पैसे घेऊन गायब होतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांत बँक नाही, आणि अशा कामासाठी शुल्क घ्यायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. बेलापूरला रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहे, म्हणून नवी मुंबईतले काही जण तिथे जाऊन जुन्या नोटेची किंमत विचारतात. संग्राहकांची किंमत बँक ठरवत नाही. तिच्या दृष्टीने दोनची नोट आजही दोन रुपयेच आहे. ७८६ ला, एकसारख्या अंकांना, १२३४५६ सारख्या क्रमांकांना गिऱ्हाईक असतं हे खरं, पण ते कोऱ्या नोटेला असतं, आणि लाखांत नसतं.

भाव समजून घ्यायचा तर मागितलेली किंमत पाहू नका, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली पाहा. मुंबई-पुण्यातल्या नाणे-नोट प्रदर्शनांना जा. पहिल्या दोन प्रदर्शनांत खिशातला पैसा काढूच नका, नुसतं हाताळा, विचारा. विक्रेत्यांना नवखा माणूस ओळखता येतो, पण चांगले विक्रेते शिकवतातही.

मी एका प्रदर्शनात सहाव्या जॉर्जची पाचची नोट "कोरी" म्हणून घेतली होती. घरी येऊन टॉर्च आडवा धरला तर मधोमध दाबून काढलेली घडी, आणि खालची कड कापलेली. परत गेले तर विक्रेत्याने हात झटकले. माझ्याकडे बिल नव्हतं. तेव्हापासून बिलावर तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय घेत नाही: नोटेचा क्रमांक, सांगितलेला दर्जा, आणि परतीची मुदत. लिहायला नकार देणाऱ्याकडून मी एक रुपयाचीही नोट घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा पाकिटात निघाल्या तर मोजा. २०१७ च्या कायद्यानुसार एरवी दहापर्यंत, आणि अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी जास्तीत जास्त पंचवीस नोटा ठेवता येतात. त्यापुढे दंड आहे, दहा हजार रुपये किंवा त्या नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकणारा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परदेशी पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचं बंधन आहे, तेव्हा कुणी परदेशातून मागणी केली तर आधी चौकशी करा.

पहिला संग्रह कुठला करावा

सगळंच जमवायला निघालं की दमायला होतं. मी नव्या लोकांना मराठी माणसांच्या सह्यांचा छोटा संग्रह सुचवते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख महाड तालुक्यातल्या नाते गावचे. सहाव्या जॉर्जच्या चित्राखाली त्यांची सही बघताना अंगावर रोमांच उभे राहतात. के. जी. आंबेगावकर १९५७ मध्ये दीडेक महिना गव्हर्नर होते, पण त्यांची सही शोधायची ती एक रुपयाच्या नोटेवर, अर्थसचिव म्हणून. आणि बी. एन. आडारकर १९७० मध्ये जेमतेम ४२ दिवस गव्हर्नर होते, तरी गांधी शताब्दीच्या नोटांवर त्यांची सही आहे. तीन माणसं, तीन प्रकारच्या नोटा. एवढं जुळवताना सही, काळ, इनसेट, दर्जा सगळं हाताखालून जातं.

बघायला जायचं तर फोर्टात सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, निघण्याआधी वेळ विचारून घ्या. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. ठाण्याहून एका दिवसात जाऊन येता येतं.

पण त्याआधी घरातल्या वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसा. हे पुढच्या महिन्यावर टाकू नका. आजोबांचं पाकीट उघडल्यावर मी आठवडाभर सह्या आणि इनसेट बघत होते, आजीला विचारायचं सुचलंच नाही. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ती दहाची त्यांच्या पहिल्या पगारातली. वागळे इस्टेटमध्ये लागले तेव्हाची. मोडायची नाही म्हणाले." आणि पान? "दर दसऱ्याला जुनं काढायचे, नवं ठेवायचे."

म्हणजे नोटेवरची ती सावली एका पानाची नव्हती. पाकिटात राहिलेलं पान मात्र शेवटच्या दसऱ्याचं, कारण त्यानंतर ते काढायला कुणी नव्हतं. मी १-आ च्या लिफाफ्यावर पेन्सिलीने लिहिलं: दसरा, १९९१. सांगणारी: आजी.